एकटी पडलेली शंका

१ जानेवारी १९९५ रोजी जपानच्या ‘योमिउरी’ दैनिकात एक बातमी आली. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी नावाचं खेडं आहे, तिथल्या मातीत सारिन या विषारी वायूचे अवशेष सापडले होते. आदल्या जूनमध्ये मात्सुमोतो शहरात हाच वायू कुणीतरी सोडला होता आणि त्यात माणसं दगावली होती. कामिकुइशिकीत ‘ओम् शिनरिक्यो’ या पंथाच्या इमारती होत्या. पंथाने बातमी नाकारली नाही. उलट पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की विषारी वायू इथे आहे, पण तो आमच्यावर सोडला जातो आहे. आणि जवळच्या एका खत कंपनीच्या प्रमुखाविरुद्ध फिर्यादही दिली. आत राहणाऱ्या साधकांना हे पटण्यासारखंच होतं. बाहेरचे शत्रू आपल्यावर विष फवारतात, असं गुरू शोको असाहारा त्यांना कित्येक महिने सांगत आला होता. इमारतींना हवा शुद्ध करणारी अगडबंब यंत्रं बसवलेली होती. पंथाच्या स्वतःच्या कारखान्यातून होणाऱ्या गळतीचा त्रास माणसांना होत होता, आणि तो त्रास गुरूच्या सांगण्याला पुष्टी देत होता. म्हणजे बाहेरच्या वृत्तपत्राने पंथाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा मांडला, आणि आत पोचेपर्यंत तो पंथाच्या छळाचा पुरावा झाला. त्यानंतर अकरा आठवड्यांनी, २० मार्चच्या सकाळी, या पंथाच्या पाच जणांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत सारिन सोडला. चौदा माणसं त्यात गेली, हजारो जखमी झाली.

गुप्तता पाळणारे पंथ आपल्या माणसांना बाहेरच्या टीकेपासून कसं दूर ठेवतात, असं विचारलं की उत्तर बहुधा भिंती, कुलपं आणि बंदी घातलेली वर्तमानपत्रं यांच्यापाशी थांबतं. ओम् पंथात हे सगळं होतंच. घर सोडून संन्यास घेणारा आपली मालमत्ता पंथाच्या नावे करी आणि कुटुंबाशी संबंध तोडी. दूरचित्रवाणी, मासिकं, कादंबऱ्या यांतून मनात शिरणारी माहिती मन मलिन करते, म्हणून गुरूने दिलेलीच माहिती मनात भरावी, अशी शिकवण होती. पण एवढ्याने उलगडा होत नाही. जपानमधल्या सुमारे दहा हजार अनुयायांपैकी संन्यासी हजार-बाराशेच होते. बाकीचे आपापल्या घरी राहत, नोकऱ्या करत, टीव्ही पाहत. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘संडे माइनिची’ साप्ताहिकाने पंथावर लेखमाला चालवली होती आणि ती देशभर गाजली होती. टीका त्यांच्या कानावर पडतच होती. तेव्हा विचारायचं ते हे, की ती कानावर पडूनही आत का उतरली नाही?

एक कारण असं, की टीकेसाठी आत आधीच जागा करून ठेवलेली होती. साधकाच्या मनात शंका आली तर तो त्याच्या चित्तातला मळ, साधना कमी पडल्याची खूण. आजार आला तर जुनं कर्म झडतं आहे. वर्तमानपत्रं विरोधात लिहितात, कारण सत्याला विरोध होणार हे भाकीतच होतं. आणि खुद्द गुरूने काही विचित्र, क्रूर किंवा निरर्थक करायला सांगितलं तर ती ‘महामुद्रा’, म्हणजे शिष्याचा अहंकार मोडण्यासाठी मुद्दाम घातलेली कसोटी. ही शेवटची तरतूद मला सर्वांत भयंकर वाटते. बाकीच्या तरतुदी बाहेरच्या टीकेला उत्तर देतात. ही माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांना उत्तर देते. समोर घडणारं वाईट जितकं उघड, तितकी कसोटी मोठी, आणि तितकी ती पार करणाऱ्याची निष्ठा थोर. असं एकदा ठरलं की कुठलंही कृत्य पुरावा म्हणून उरतच नाही. मराठी वाचकाने हे परदेशातलं काहीतरी म्हणून बाजूला सारू नये. ज्या इमारतीत सारिन तयार होई तिचं नाव ‘सातवं सत्यम्’ होतं. रेल्वेत वायू सोडणाऱ्या पाचांपैकी एक हृदयशल्यचिकित्सक होता, आणि पंथाने त्याला दिलेलं नाव होतं कृष्णानंद. कर्म, गुरू, संन्यास, मोक्ष ही सगळी सामग्री आपल्या घरातलीच आहे.

तरीही तयार उत्तरं हे अर्धंच कारण आहे, कारण अशी उत्तरं प्रत्येक धर्माजवळ असतात, प्रत्येक राजकीय विचारसरणीजवळही असतात. दुःखाचा अर्थ लावणं, विरोधाचा अर्थ लावणं हे श्रद्धेचं कामच आहे. फरक पडतो तो दुसऱ्या ठिकाणी, आणि माझा मुद्दा तोच आहे. पंथ आपल्या माणसांना बाहेरच्या टीकाकारांपासून तोडतो असं आपण म्हणतो, पण त्याआधी तो त्यांना एकमेकांच्या शंकेपासून तोडतो. पहिली तोड दुसरीवाचून टिकत नाही. ओम् पंथात शेजारी बसणारा गुरुबंधू कोणतं काम करतो हे विचारण्याची रीत नव्हती. हारुकी मुराकामी यांनी हल्ल्यानंतर पंथातल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: अनेकांना काही ना काही खटकलं होतं, आणि त्यांतल्या काहींना वाटत होतं की खटकणारे आपण एकटेच. शंका हा स्वतःचा मळ असेल तर ती दुसऱ्याजवळ बोलणं म्हणजे आपला मळ त्याला लावणं. म्हणून चांगला साधक गप्प राही. आजूबाजूला शंभर गप्प चेहरे दिसत, आणि ते शंभर निःशंक चेहरे आहेत असा समज होई. रेल्वेत वायू सोडणाऱ्यांपैकी काहींनी नंतर न्यायालयात सांगितलं की त्या सकाळी आपण कचरलो होतो. त्यांतला प्रत्येक जण आपापल्या गाडीत एकटाच कचरला.

गयानातल्या जोन्सटाउनमध्ये हीच गोष्ट एका दिवसात उघडी पडली. ‘पीपल्स टेंपल’चा प्रमुख जिम जोन्स याने अमेरिकेतून सुमारे हजारभर माणसं जंगलातल्या या वसाहतीत नेली होती. पारपत्रं संस्थेच्या ताब्यात, पत्रं तपासली जात, ध्वनिवर्धकावरून जोन्सच बातम्या सांगे, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याची, जोडीदाराने जोडीदाराची तक्रार करणं हे निष्ठेचं लक्षण मानलं जाई. नोव्हेंबर १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन पाहणीला आले, तेव्हा स्वागत झालं, गाणी झाली, सगळे सुखात दिसले. त्या गर्दीत एकाने एका पत्रकाराच्या हाती चिठ्ठी सरकवली, आम्हाला इथून बाहेर काढा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोबत येतो म्हणणारे पंधराच्या आसपास झाले होते. एका रात्रीत त्यांना कुणी नवी माहिती दिली नव्हती, जोन्सविरुद्ध कुणी युक्तिवाद केला नव्हता. निघू पाहणारे आपण एकटे नाही, एवढंच त्यांना कळलं. जोन्सने या पंधरांमुळे जे केलं तेही हाच हिशेब दाखवतं. नऊशेंच्या वस्तीतून पंधरा गेल्याने काय बिघडणार होतं? पण त्याला ठाऊक होतं की आता उरलेल्यांना एकमेकांची शंका दिसली आहे. विमानाच्या धावपट्टीवर गोळीबार झाला, रायन आणि आणखी चौघं मारली गेली, आणि त्याच संध्याकाळी नऊशेंहून अधिक माणसं विषाने मेली. त्यांत लहान मुलं शेकड्यांनी होती. त्या शेवटच्या सभेत एका स्त्रीने उभं राहून विरोध केला, मुलांना जगू द्या म्हणाली. ध्वनिफितीवर ते आजही ऐकू येतं. तिला गप्प करायला सभेतली माणसंच पुढे आली.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की ही माणसं संमोहित होती, त्यांची मनं धुऊन काढलेली होती, मग शंका वगैरे कुठून येणार? हा समज लोकप्रिय आहे, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी ‘मूनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युनिफिकेशन चर्चचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. पंथाच्या शिबिरांना गेलेल्यांपैकी फारच थोडे सामील झाले, आणि जे झाले त्यांतलेही बरेचसे दोनेक वर्षांत आपण होऊन बाहेर पडले, असं त्यांना आढळलं. मनाला कायमचं बांधणारा असा मंत्र कुणाजवळ नाही. मला तर हा निष्कर्ष आपल्या मुद्द्याला बळ देणारा वाटतो. शंका मारता येत नाही, म्हणूनच ती लपवायला लावण्यावर अशा पंथांचा एवढा खर्च होतो. मन खरोखर धुतलं गेलं असतं तर शेजाऱ्यांवर पाळत ठेवण्याची गरजच पडली नसती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो श्रद्धावान माणसाकडून येतो. एकांत, मौन, गुरूवर विश्वास, रहस्य जपणं हे सगळं साधनेतच येतं. मग प्रत्येक आश्रमाला आणि मठाला याच रांगेत बसवायचं का? बसवू नये. इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला येणारा माणूस फोन जमा करतो, वाचन-लेखन सोडतो, कुणाशी बोलत नाही. पण हे मौन किती दिवसांचं ते आधी सांगितलेलं असतं, शेवटच्या दिवशी ते सुटतं, साधक आपसात मोकळेपणी बोलतात, आणि घरी येऊन कुणी ‘मला काही लाभलं नाही’ म्हणाला तर त्याची माणसं त्याला पारखी होत नाहीत. गुप्ततेचंही तसंच आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं बंद ठेवले. बाहेरच्या विद्वानांना ते वाचता येऊ लागले ते विसाव्या शतकात. एवढी कडेकोट गुप्तता क्वचितच सापडेल. पण त्याच बंद पोथ्यांमधलं लीळाचरित्र उघडलं तर पानोपानी शिष्य विचारताना दिसतात. ते प्रश्न पुसतात, चुकतात, पुन्हा पुसतात, आणि हे सगळं इतरांच्या देखत घडतं. लीळाचरित्र रचणाऱ्या म्हाइंभटांनी ते प्रश्न गाळले नाहीत, गावोगाव हिंडून त्या आठवणी गोळा केल्या. पोथी बाहेरच्यांपासून झाकलेली असली तरी शिष्यांची शंका एकमेकांपासून झाकलेली नव्हती. गुरुनिष्ठेचं नाव घेऊन शंकेला पाप ठरवणाऱ्यांनी आपल्या परंपरेचा हा भाग पाहावा.

तिसरा आक्षेप आपल्यासारख्या बाहेरच्यांना लागू आहे, म्हणून तो टाळता येत नाही. पंथ जगाला शत्रू ठरवतो हे खरं, पण जगही पुष्कळदा शत्रूसारखं वागतं. मात्सुमोतोतल्या वायुहल्ल्यानंतर पोलिसांनी आणि वृत्तपत्रांनी संशय घेतला तो तिथल्याच एका रहिवाशावर, ज्याची स्वतःची पत्नी त्या वायूने बेशुद्ध पडली होती. कित्येक महिने त्या निरपराध माणसाची बदनामी चालली. वृत्तपत्रं खोटं लिहितात, या पंथाच्या दाव्याला याहून मोठा आधार कोणता हवा होता? त्याआधी १९८९ मध्ये साकामोतो नावाचे तरुण वकील साधकांच्या आईवडिलांच्या बाजूने लढत होते. टीबीएस या वाहिनीने त्यांची मुलाखत चित्रित केली, आणि प्रसारणापूर्वी ती पंथाच्या लोकांना दाखवली. मुलाखत प्रसारित झालीच नाही. थोड्याच दिवसांत साकामोतो, त्यांची पत्नी आणि तान्हा मुलगा यांची घरात घुसून हत्या झाली. आपण ती फीत दाखवली होती हे वाहिनीने कबूल केलं १९९६ मध्ये. कुमामोतोतल्या एका गावाने तर पंथाच्या माणसांची रहिवासी म्हणून नोंदच करायला नकार दिला, आणि १९९५ नंतर अनेक गावांनी तेच केलं. पंथ सोडावा असं ज्यांच्या मनात आलं असेल, त्यांना जायला जागा कुठे होती?

म्हणून टीका खरी असली की पुरे, असं मला वाटत नाही. ती एकट्या माणसाला गाठते, आणि एकट्या माणसापुढे पर्याय असतात ते दोन: सगळं खोटं मानून आयुष्य, मित्र, आशा सोडणं, किंवा टीकाच खोटी मानणं. दुसरा पर्याय निवडणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो जातपंचायतींचे अनुभव समोर ठेवून, पण नाती तोडण्याची धमकी हा स्वतंत्र अपराध आहे हे त्याने ओळखलं. बंद पंथांचा विचार करतानाही सुरुवात तिथूनच व्हायला हवी. शिकवण खरी की खोटी हे कायदा ठरवू शकत नाही, त्याने ठरवूही नये. सोडून जाणाऱ्याला बोलण्यापासून, आणि आत राहिलेल्यांना त्याच्याशी बोलण्यापासून कुणी अडवतं का, एवढं मात्र त्याला पाहता येतं.

जपानमध्ये हे बोलणं चालू ठेवण्याचं काम कायद्याआधी साधकांच्या आईवडिलांनी केलं. १९८९ मध्ये त्यांनी संघटना उभारली, इमारतींच्या दारांशी जाऊन मुलांच्या भेटी मागितल्या, आणि पंथाने त्यांना शत्रूंच्या यादीत घातलं. संघटनेच्या अध्यक्षांवर जानेवारी १९९५ मध्ये व्हीएक्स या विषाचा हल्ला झाला. ते वाचले, पण त्याचे परिणाम त्यांच्या शरीरावर राहिले. पुढे असाहारा आणि त्याच्या बारा शिष्यांना फाशीची शिक्षा झाली. त्या वेळी शिष्यांना तरी फाशी देऊ नका, ती आमचीच मुलं आहेत, असं म्हणत अर्ज घेऊन जी माणसं सरकारपुढे उभी राहिली त्यांत ही आईवडिलांची संघटना होती, आणि विषबाधेतून वाचलेले ते अध्यक्षही होते. पंथाच्या शिकवणीत टीकाकाराच्या प्रत्येक कृतीसाठी स्पष्टीकरण होतं, पण या अर्जासाठी नव्हतं. जुलै २०१८ मध्ये तेराही जणांना फाशी देण्यात आली.