विचारांचे येणे आणि विचारांचे राहणे

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्या घराघरांतून नित्य ऐकू येते. दुसऱ्या पाळीला गेलेला मुलगा वेळेवर परतला नाही की आई त्याच्या अपघाताचे चित्र डोळ्यांपुढे उभे करते. घरातले कोणी ही म्हण उच्चारून तिला धीर देते आणि तेवढ्यात खाली मोटारसायकल थांबल्याचा आवाज येतो. प्रसंग तेथे संपतो. म्हणीत दडलेला प्रश्न मात्र उरतो. शत्रूही चिंतणार नाही असे अशुभ चिंतणारे हे मन म्हणजे मीच काय? मनात उमटणाऱ्या प्रत्येक विचाराचा जाब मला द्यावा लागेल काय? आणि द्यावा लागणार असेल, तर तो विचार आवरण्याचे सामर्थ्य मला दिलेले आहे काय?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचारात आहेत. पहिले असे की, विचार हे वाऱ्यासारखे असतात, त्यांवर कोणाचीच सत्ता चालत नाही. म्हणून माणसाने त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. दुसरे याच्या अगदी उलट: वाईट विचार मनात आला याचाच अर्थ मन वाईट आहे, श्रद्धा उणी आहे, प्रार्थना कमी पडते आहे. पहिल्या उत्तराने माणूस सैल पडतो, दुसऱ्याने तो खचतो. आपल्या श्रद्धावंत घरांतून दुसऱ्या उत्तराने केलेली हानी अधिक आहे, असे मला वाटते.

निगडी परिसरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने येथे वसाहती आखल्या आणि आसपासच्या कारखान्यांच्या आधाराने कोकणातून, मराठवाड्यातून, अहिल्यानगरच्या खेड्यांतून, वसईतून, गोव्यातून व केरळातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. कारखान्याच्या भोंग्यावर घराचे वेळापत्रक बसले. पुढे काळ पालटला. २००७ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील दुचाकींचे उत्पादन थांबले. नवे कारखाने चाकणकडे उभे राहिले. कायम नोकरीची जागा पुष्कळ ठिकाणी कंत्राटाने घेतली. आज येथील घरात बाप पहाटे झोपायला येतो, तेव्हा मुले शाळेला निघालेली असतात. घराचा हप्ता, मुलीची बारावी, गावाकडे एकटे राहिलेले आईवडील, पुढील वर्षी कंत्राट वाढेल की नाही याची धास्ती, हे सारे मनात एकाच वेळी फिरत असते. यंत्र चालू असते तोवर हात गुंतलेले असतात. पाळी संपून अंथरुणाला पाठ टेकली की विचारांची पाळी सुरू होते.

या स्थितीतील माणसाला ‘वाईट विचार करू नको’ असे सांगणे निरुपयोगी आहे, हे आपल्या लोककथेनेही ओळखले आहे. वैद्याने औषध दिले आणि बजावले की, ते घेताना माकडाची आठवण काढू नको. जन्मात कधी औषध घेताना माकड न आठवलेल्या त्या रोग्याला मग प्रत्येक घोटाला माकडच दिसू लागले. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रयोगाने दाखविली. विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळण्यास सांगितले आणि तो आलाच तर घंटा वाजविण्यास सांगितले. घंटा वाजत राहिली. एवढेच नव्हे, तर नंतर मोकळीक मिळाल्यावर या विद्यार्थ्यांना, ज्यांनी तो विचार कधी दडपलाच नव्हता त्यांच्यापेक्षा, अस्वल अधिक वेळा आठवले. दडपलेला विचार मरत नाही. तो दाराशी बसून राहतो.

मग विचारांचे व्यवस्थापन म्हणजे नेमके काय? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तापसांनी या प्रश्नाचा जो अभ्यास केला, तो आजही शिळा झालेला नाही. इ. स. ३९९ मध्ये निधन पावलेल्या इव्हाग्रियस या तापसाने माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले. पुढे त्यांतूनच सात प्रमुख पापांची परिचित यादी घडली. इव्हाग्रियसचे मर्म असे की, हे विचार आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही. ते आपल्यापाशी रेंगाळतील की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे. या आठांपैकी एक म्हणजे भर दुपारी येणारे मांद्य. त्या वेळी तापसाला सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, कोणी भेटायला येते आहे का म्हणून तो सारखा बाहेर डोकावतो, आपल्यावर कोणाचेच प्रेम उरले नाही असे त्याला वाटू लागते आणि दुसरीकडे कोठेतरी सारे सोपे असेल अशी ओढ लागते. घड्याळाकडे पाहत पाळी काढणाऱ्या कोणालाही हे वर्णन परके वाटणार नाही. इव्हाग्रियसने यावर सुचविलेली शिस्तही साधी आहे. कोणता विचार केव्हा येतो, कशाच्या पाठोपाठ येतो, किती वेळ टिकतो, याची नोंद ठेवा. ज्याला नाव देता आले, त्याचा निम्मा दरारा ओसरतो.

त्याच परंपरेतील जॉन कॅशियनने मनाला पाणचक्कीची उपमा दिली. पाणी वाहते आहे तोवर चक्कीचा दगड फिरणारच. त्यात गहू घालायचा की निरुपयोगी दाणा, हे मात्र चक्कीवाला ठरवितो. निगडीच्या कामगाराला ही उपमा सहज कळावी. दारात येणारा प्रत्येक कच्चा माल यंत्रावर चढत नाही. आधी त्याची तपासणी होते आणि नापास माल बाजूला ठेवला जातो. खराब माल दाराशी आला याचा दोष तपासनिसाला लागत नाही. तो न पाहता यंत्रावर चढविला, तर लागतो.

ख्रिस्तसभेची नैतिक शिकवण याच भेदावर उभी आहे. अरण्यात प्रभू येशूपुढेही मोह आला. तो येण्याने प्रभू पापी ठरला नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू मनातल्या मनात केलेल्या पापाबद्दल कठोर बोलतो, तेव्हा तो चमकून जाणाऱ्या कल्पनेबद्दल बोलत नसून जोपासलेल्या, संमती दिलेल्या इच्छेबद्दल बोलतो. पूर्ण जाणीव आणि हेतुपूर्वक दिलेली संमती यांवाचून गंभीर पाप घडत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. संत इग्नेशियस लोयोला याने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात विचारांचे तीन प्रकार सांगितले: एक माझ्या स्वतःच्या इच्छेतून निघणारा आणि दोन बाहेरून येणारे, चांगल्या आत्म्याकडून व वाईट आत्म्याकडून. आलेल्या वाईट विचाराला जो नकार देतो, त्याच्या पदरी दोष पडत नाही. पुण्यच पडते, असे तो सांगतो.

इग्नेशियसला हे ज्ञान अनुभवाने आले होते. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन तो अंथरुणाला खिळला. शौर्याची आणि दरबारी मानसन्मानाची स्वप्ने रंगविताना त्याला सुख वाटे, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांप्रमाणे जगण्याचा विचार केला की तो आनंद नंतरही टिके. विचाराची परीक्षा त्याच्या चवीवरून न करता त्याच्या शेवटावरून करावी, हे त्याने तेथे ओळखले. यावरूनच त्याने पुढे सांगितले की, मन उदास आणि अंधारलेले असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. रात्री दोन वाजता नोकरी सोडण्याचा, भावाशी संबंध तोडण्याचा किंवा संसार मोडण्याचा निर्णय घेऊ नये, हा याच नियमाचा आजचा अर्थ.

आकुर्डी स्थानकातून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलचा मार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पहिलेच स्थानक देहूरोड. तेथून जवळच देहू, जेथे दुष्काळात पत्नी व मूल गमावलेल्या तुकारामांनी भंडारा डोंगराच्या एकांतात आपल्या मनाशी वाद घातला, त्याला समजावले, विनवले. पुढे मळवलीजवळ भाजे आणि कार्ला येथील लेणी आहेत. तेथे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू चित्ताचे निरीक्षण करीत बसत. शेवटी लोणावळा, जेथे मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली ‘साधना’ संस्था पुढे नेली. श्वासाकडे, शरीराच्या संवेदनांकडे आणि मनातल्या आवाजांकडे जागेपणाने पाहत प्रार्थनेत कसे शिरावे, हे त्यांनी कितीतरी धर्मगुरूंना व धर्मभगिनींना शिकविले. १९८७ साली त्यांचे निधन झाले. १९९८ साली रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने त्यांच्या लेखनातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचा इशारा दिला. त्याच निवेदनात त्यांच्या लेखनातील पौर्वात्य शहाणपण आत्मसंयमाला आणि आयुष्यातील चढउतार शांतपणे स्वीकारण्याला साहाय्यक ठरू शकते, हेही नमूद केले. सिद्धांतात हे तिन्ही मार्ग एक नाहीत. विचार पाहता येतो आणि पाहणारा त्या विचाराहून वेगळा असतो, या अनुभवाची साक्ष मात्र तिघेही देतात.

आधुनिक मानसशास्त्राने याला एक उपयुक्त जोड दिली. १९५५च्या सुमारास अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटनेपेक्षा घटनेविषयी आपण मनाशी जे बोलतो त्याने आपण अधिक दुखावतो, हा त्यांचा गाभ्याचा विचार. आणि त्यासाठी एपिक्टेटस या प्राचीन तत्त्ववेत्त्याचे ऋण त्यांनी मान्य केले. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ही पद्धती रुजविली. मुलाला परीक्षेत कमी गुण पडले, ही घटना. ‘याला अभ्यासात मदत हवी’ हा एक विचार. ‘आमच्या घराण्याची अब्रू गेली, आता याचे काही होणार नाही’ हा दुसरा. पहिल्या विचारातून काळजी निघते आणि काळजीतून कृती. दुसऱ्यातून संताप किंवा निराशा निघते आणि त्या दोन्हींत मुलगा एकटा पडतो. दुसऱ्या विचाराला विचारावे: तू खरा आहेस काय? तुला पुरावा काय? तुझ्या वाटेने गेल्यास कोणाचे भले होईल?

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. कामगाराची मजुरी थकली, तर त्याने मजुरी मागावी की मजुरीविषयीचा विचार बदलावा? मनःशांतीचे पाठ देऊन अन्याय पचवायला लावणे हा नवा धूर्तपणा नव्हे काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर विचारांच्या परीक्षेतच आहे. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हा विचार परीक्षेत खरा ठरला, तर तो घालवायचा नसतो, कामाला लावायचा असतो: संघटनेकडे जावे, अर्ज करावा, साक्षीदार गाठावेत. घालवायचा असतो तो त्याच्या जोडीने आलेला दुसरा विचार, की ‘मी कवडीमोल आहे’ किंवा ‘सूड घेतल्याशिवाय मला झोप येणार नाही’. गेथसेमनीच्या बागेत प्रभूने आपले दुःख नाकारले नाही. ते त्याने पित्यापुढे उघड केले, मित्रांना सोबत मागितली आणि मग उठून तो पुढे गेला.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. काही वेळा मनाची चक्कीच आजारी असते. १५२२ साली मानरेसा येथे इग्नेशियसला फाजील पापभीरुतेने ग्रासले. केलेली पापे पुनःपुन्हा निवेदन करूनही समाधान होईना. जीव देण्याचेही विचार आले. मुक्तीसाठी त्याने आठवडाभर अन्न वर्ज्य केले, तेव्हा ‘जेव’ अशी आज्ञा त्याच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्याला केली. एवढ्या मोठ्या संतालाही त्या काळात दुसऱ्याचा आधार घ्यावा लागला, हे आपण विसरू नये. औदासीन्याच्या आजारात किंवा एकच विचार छळत राहण्याच्या विकारात रोग्याला ‘मन घट्ट कर, रोझरी म्हण, सारे ठीक होईल’ एवढेच सांगून थांबणे म्हणजे मोडलेल्या पायाला चालण्याचा उपदेश करणे होय. प्रार्थना सोडू नये. डॉक्टरकडे जाणेही टाळू नये. मानसिक कारणांनी माणसाची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हे १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट सांगितले आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची दिशा स्वीकारली. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, रात्रीअपरात्रीही, विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक घरात सर्वांना ठाऊक असावा. ज्याला झोप उडाली आहे, जेवण नकोसे झाले आहे, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला आहे, त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकणे आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जाणे हे त्या घटकेचे प्रेमाचे कृत्य आहे.

ज्यांचे मन आजारी नाही, केवळ थकलेले आहे, त्यांच्यासाठी इग्नेशियसने दिलेली दिवसाअखेरची मनःपरीक्षा पुरेशी आहे आणि ती पंधरा मिनिटांत होते. प्रथम दिवसभरातील देणग्यांबद्दल देवाचे आभार मानावेत, अगदी वेळेवर मिळालेल्या बसबद्दलही. मग स्वतःला खरे पाहता यावे म्हणून पवित्र आत्म्याचा प्रकाश मागावा. त्यानंतर दिवस तासातासाने आठवून पाहावा: कोणता विचार आला, कोणाला मी बसायला जागा दिली, तो मला कोठे घेऊन गेला? जेथे संमती देऊन चुकलो तेथे क्षमा मागावी. जेथे विचार केवळ आला आणि गेला तेथे स्वतःला छळू नये. शेवटी उद्यासाठी एक लहानसे काम ठरवावे. तिसऱ्या पाळीच्या माणसाने हे सकाळी झोपण्यापूर्वी करावे. देवाला घड्याळाचे बंधन नाही.

आठवड्यातून एकदा, रविवारच्या मिस्सेनंतर, घरातील सर्वांनी एकत्र बसून मनाला लागलेली एकेक गोष्ट बोलून दाखविण्याचा प्रघात पाडला तर अधिकच बरे. मुलांना आपल्या बापालाही भीती वाटते हे कळू द्यावे, आणि बापाने मुलाची भीती हसण्यावारी नेऊ नये. फिलिप्पैकरांना लिहिताना संत पौल तुरुंगात होता आणि तेथूनच त्याने जे सत्य, आदरणीय व निर्मळ आहे त्याकडे मन लावण्यास सांगितले. कोठडीच्या भिंती त्याला हलविता आल्या नाहीत. मन कशाला लावावे हे मात्र तेथेही त्याच्या हाती राहिले होते, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती ते आज रात्रीही आहे.