गप्प राहण्याचा नियम

लहानपणी आमच्या प्रत्येक खेळात एक कच्चा लिंबू असायचा. वयानं सगळ्यांत धाकटा, कुणाचा तरी भाऊ, वगळला तर घरी तक्रार जाईल म्हणून घेतलेला. तो आऊट झाला तरी आऊट नाही आणि त्यानं कुणाला आऊट केलं तर तेही धरायचं नाही. मी बरीच वर्षं कच्चा लिंबू होतो, त्यामुळे त्यातली गोम मला चांगली ठाऊक आहे. सगळे तुमच्याशी प्रेमानं वागतात, आणि तुम्ही खेळात नसताच.

हे सगळं आठवायला कारण झालं ते दोन वर्षांपूर्वीचं माझं गप्प बसणं. एका स्पर्धेत, जवळच्या मित्रासमोर, नियमात पूर्णपणे बसणारं. त्या गप्प बसण्याबद्दल माझं मत मधल्या काळात तीनदा बदललं आहे.

खेळ होता 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं तयार केलेला आणि १९९३ साली बाजारात आलेला हा खेळ. इथे बावन्न पानांचा ठरलेला जोड नसतो. हजारो वेगवेगळ्या कार्डांमधून प्रत्येक खेळाडू आपला डेक स्वतः बांधून आणतो. स्पर्धेतला डेक किमान ६० कार्डांचा. जास्त घ्यायला बंदी नाही, पण सहसा कुणी घेत नाही, कारण एकसष्टावं कार्ड तुमच्या सर्वोत्तम कार्डाच्या वाटेत उभं राहतं. मूलभूत लँड सोडल्या तर एका कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती. चारही ठेवल्या, तर पहिल्या सात कार्डांत त्यातली निदान एक हाती येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. शिवाय दोन डावांच्या मध्ये अदलाबदल करायला १५ कार्डांचा साइडबोर्ड.

नव्यानं स्पर्धेकडे वळणाऱ्याला वाटतं की सगळी गंमत या बांधणीत आहे. थोड्याच दिवसांत कळतं की जिंकणाऱ्या डेकच्या याद्या इंटरनेटवर जाहीर असतात आणि बहुतेक लोक त्यातलीच एखादी उचलून दोन-चार कार्डं इकडची तिकडे करतात. समोरच्याकडे काय असणार हे तुम्हाला माहीत असतं, तुमच्याकडे काय आहे ते त्याला. मग फरक उरतो तो निर्णयांचा आणि अवधानाचा. कोण काय विसरतं याचा.

मित्राला या खेळात मीच आणलं. दर शुक्रवारी रात्री त्याच्या हॉलमध्ये आम्ही बसायचो. कार्डं महाग, म्हणून आधी छापील कागद जुन्या कार्डांवर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवायचे, डेक महिनाभर खेळून बघायचा आणि पटला तरच खरी कार्डं घ्यायची. त्याला शोभेल असा 'बर्न' नावाचा डेक आम्ही दोघांनी मिळून ठरवला. समोरच्याचे २० लाइफ जमेल तितक्या लवकर जाळून शून्यावर आणायचे, बस्स. 'आयडोलॉन ऑफ द ग्रेट रेव्हल' या कार्डाच्या चारही प्रती घे, असं मीच सांगितलं. हे कार्ड टेबलावर असताना कुणीही, अगदी त्याच्या मालकानंसुद्धा, तीन किंवा कमी मानाचं कार्ड खेळलं, तर खेळणाऱ्याला दोनची इजा होते.

या 'होते'मध्ये एक अडचण आहे. संगणकावर हाच खेळ खेळला तर असा ट्रिगर विसरताच येत नाही. प्रोग्राम तो चालवतोच. टेबलावर मात्र तो माणसानं चालवायचा असतो. आयडोलॉनच्या मालकानं म्हणायला हवं, "दोन." मित्र ते हमखास विसरायचा. दर शुक्रवारी मी स्वस्त कार्ड टाकायचो, क्षणभर थांबायचो आणि मीच म्हणायचो, "दोन." तो हसून मान हलवायचा. मी माझे लाइफ कमी करायचो.

दुकानातल्या साध्या सामन्यांमध्ये असंच अपेक्षित असतं. वातावरण शिकण्या-शिकवण्याचं असतं. स्पर्धात्मक पातळीवर नियम बदलतात. स्वतःचा ट्रिगर मुद्दाम विसरणं ही फसवणूक. पण प्रतिस्पर्धी त्याचा ट्रिगर विसरला, तर त्याची आठवण करून द्यायला तुम्ही बांधील नाही. माहितीचंही तसंच. काही गोष्टी विचारल्या तर खरं सांगावंच लागतं. काही गोष्टी समोरच्यानं स्वतः पाहून, मोजून काढायच्या, त्यात मदत करणं तुमचं काम नाही. खोटं मात्र या दोन्हींत चालत नाही. म्हणजे नियमपुस्तकानं गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांच्यामध्ये एक रेघ ओढली आहे, आणि 'नरो वा कुंजरो वा'वाल्यांना बरीच जागा ठेवली आहे.

मुंबईतल्या त्या स्पर्धेत चौथ्या फेरीत आम्हा दोघांचीच जोडी लागली. एक-एक डाव झाला होता. तिसऱ्या डावात माझे ४ लाइफ उरले होते, त्याचे ५, आणि त्याचा आयडोलॉन टेबलावर. मी दोन मानाचं एक कार्ड टाकलं. तो हातातली कार्डं बघत होता. मी म्हटलं, "चालेल?" तो म्हणाला, "हो, चालेल." दोन कुणीच म्हटलं नाही.

पुढच्या पाळीत त्यानं 'लाइटनिंग बोल्ट' काढला: एक माना, तीनची इजा. तेही स्वस्त कार्ड, म्हणून त्यानं इमानेइतबारे स्वतःचे दोन वजा केले, ५ चे ३. पेन कागदावर असतानाच तो थांबला. माझ्या आकड्याकडे पाहिलं. तिथे २ असायला हवे होते, ४ होते. बोल्टनं मी १ वर आलो, मेलो नाही. माझ्या पाळीत मी जिंकलो. त्यानं हात मिळवला, कार्डं गोळा केली आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

पहिलं मत त्याच संध्याकाळचं: यात चूक काहीच नाही. बुद्धिबळात समोरच्याचा वजीर मारात आला तर आपण सांगतो का? उलट, आठवण करून दिली असती तर तो अपमान ठरला असता. भर स्पर्धेत मी त्याला कच्चा लिंबू केलं असतं. गप्प राहून मी त्याला पूर्ण खेळाडू मानलं.

दुसरं मत पुढे काही महिन्यांनी झालं, सिसेरोमुळे. इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यांवरच्या ग्रंथात त्यानं एक उदाहरण घेतलं आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला माहीत आहे, बेटावरच्यांना नाही. त्यानं ते सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं धान्य विकावं? डायोजेनीस नावाचा स्टोइक म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसं एकमेकांशी बांधलेली आहेत, त्यामुळे सांगायलाच हवं. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे. ज्यांना कळण्यात त्यांचं हित आहे त्यांना ते कळू नये असं तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी इच्छिलंत, की ते लपवणंच झालं, असं त्याचं म्हणणं.

या व्याख्येत मी सापडत होतो. पण मला वाटलं, ऱ्होड्सचे लोक खेळायला बसले नव्हते. त्यांना भूक लागली होती. आम्ही दोघं हा नियम मान्य करून टेबलावर बसलो होतो. ज्या मौनाला दोघांची आधीच संमती आहे ते लपवणं कसं होईल? मी पुन्हा सुटलो.

तिसरं मत मित्राच्या एका वाक्यामुळे झालं. विषय भलताच चालला होता आणि तो सहज म्हणाला, "नियम बरोबरच आहे रे. पण मग शुक्रवारी तू 'दोन' का म्हणायचास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा ट्रिगर लक्षात ठेवण्याचं काम कित्येक महिने मी माझ्याकडे घेतलं होतं. मी क्षणभर थांबायचो, त्या थांबण्यावर त्याची आठवण टेकलेली होती. स्पर्धेत मी ते थांबणं काढून घेतलं, न सांगता. व्यापाऱ्याला जहाजांची बातमी समुद्रावर मिळाली होती. तो हे कार्ड विसरतो ही बातमी मला त्याच्याच हॉलमध्ये, त्याच्या घरचा चहा पिताना मिळाली होती. स्पर्धेच्या नियमाला दोघांची संमती होती, पण आदल्या शुक्रवारपर्यंत आमच्यात दुसराच नियम चालू होता, आणि तो बंद झाल्याचं फक्त मला माहीत होतं.

म्हणून आता मला वाटतं की चूक मुंबईच्या टेबलावर नव्हती. आदल्या रात्री फोन करून "उद्या मी 'दोन' म्हणणार नाही" एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. किंवा त्याआधीच सराव करताना मला गप्प बसता यायला हवं होतं. दर वेळी आठवण करून देण्यात प्रेम होतं, हे खरं; पण थोडा आळसही होता. त्याला विसरू देऊन, हरू देऊन शिकवण्यापेक्षा ते सोपं होतं. कच्चा लिंबू मी त्याला तिथे केला होता, आणि मग एका सकाळी एकदम खऱ्या खेळात उभा केला.

आता शुक्रवारी पत्ते पिसण्याआधी आम्ही एकमेकांना विचारतो, आज आठवण करून द्यायची की नाही. बहुतेक वेळा तो नको म्हणतो. गेल्या महिन्यात मी माझा एक ट्रिगर विसरलो आणि तो गालातल्या गालात हसत गप्प बसला. हरलो, पण बरं वाटलं.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी कार्ड टाकून मी "चालेल?" म्हटलं ते नेहमीपेक्षा घाईनं म्हटलं. त्याला आठवायला वेळ मिळू नये म्हणून. ती घाई नियमात कुठेच पकडता येत नाही. न्यायाधीश शेजारी उभा असता तरी त्याला दिसली नसती. संमतीचा मुद्दाही तिला लागू होत नाही, कारण तिच्याबद्दल फक्त मला माहीत होतं. मित्राला मी ती कधी सांगितली नाही. तो विचारणारही नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नाही. सिसेरोच्या व्याख्येत हे नेमकं बसतं. माझं लिहिलेलं तो वाचतो, हेही वाचेल. तरी त्याआधी फोन करून तोंडानं सांगायला हवं.