न विचारलेले उत्तर

बंगळूरच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचे एक गाव होते आणि त्या गावापाशी शहरातील सर्वांत मोठे तळे होते. तळे अद्याप आहे. गाव मात्र बाह्य वर्तुळमार्गाच्या दोन्ही अंगांस उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींमधून शोधून काढावे लागते. २०१७ च्या फेब्रुवारीत या तळ्यावर आग भडकली, पुढच्या वर्षी जानेवारीत ती पुन्हा भडकली, आणि पाणीही पेटू शकते या विलक्षण कारणाने बेळ्ळंदूरचे नाव दूरवर पोचले. बदल्यांच्या नोकरीत उभा जन्म परमुलखात काढलेल्या आमच्यासारख्याने निवृत्तीनंतर येथे मुक्काम ठोकावा याचे कारण मात्र मुळीच विलक्षण नाही. मुलगा येथे नोकरीस आहे, इतकेच. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पत्त्यांमागे अशीच कथा असेल.

गेल्या वर्षापासून आमची एक भाची आमच्याकडे राहते. जीवशास्त्राची पदवी घेऊन ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करीत आहे. ही प्रयोगशाळा अवयव-प्रत्यारोपणाची आहे. एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या देहात बसवावयाचे, तर तो देह ते मानील की झिडकारील, हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगण्याचे काम तेथे चालते. ब्रिटनमध्ये असे काम करणारांना ‘क्लिनिकल सायंटिस्ट’ म्हणतात आणि अधिकृत नोंदवहीत नाव चढल्यावाचून कोणालाही ते बिरुद लावता येत नाही. आपल्याकडे अशा आरोग्यव्यवसायांसाठी २०२१ मध्ये कायदा झाला खरा. तथापि भाचीची विद्या अजून बव्हंशी गुरुगृही राहून मिळवावयाची विद्या आहे. वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसावे, त्यांनी वाचलेले आपण पुन्हा वाचावे आणि चुकल्यास बोलणी खावीत, असा तिचा क्रम असतो. रुग्णाचे दर्शन या मंडळींना सहसा घडत नाही. त्यांच्यापुढे येते ती काचेची नळी आणि नळीवरची चिठ्ठी.

कामाचे मर्म तिने आम्हांस एका संध्याकाळी समजावून दिले. रुग्णाच्या रक्तातील पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, घ्यावयाचे व त्यात दात्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी सोडावयाच्या. सीरममध्ये त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आधीच सज्ज असतील, तर योग्य साह्य मिळताच ती पेशींना मारतात. मेलेली पेशी रंग शोषून काळवंडते. जिवंत पेशी रंग घेत नाही व सूक्ष्मदर्शकाखाली चकाकत राहते. थेंबाच्या अंशावर ही परीक्षा करण्याची युक्ती पॉल टेरासाकी यांनी १९६४ मध्ये काढली. पाच वर्षांनी पटेल व टेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. पेशी मेल्या असतानाही ज्या ३० जणांना मूत्रपिंड बसविले होते, त्यांपैकी २४ जणांचे ते तत्काळ निकामी झाले; पेशी जगल्या होत्या अशा १९५ जणांत ही गत केवळ ८ जणांची झाली. हिशेबाच्या खात्यात आम्ही अनेक तक्ते पाहिले, परंतु इतका निःसंदिग्ध तक्ता क्वचितच पाहिला असेल. आता यंत्रे आली आहेत, प्रतिपिंडे ओळखणारे सूक्ष्म मणी आले आहेत, जनुकांची अक्षरे वाचता येऊ लागली आहेत. प्रश्न मात्र तोच राहिला आहे.

ही प्रतिपिंडे येतात कोठून? ती दुसऱ्याचे रक्त घेतल्याने येतात, आधीच्या प्रत्यारोपणाने येतात आणि बाळंतपणाने येतात. गर्भात निम्मा वाटा पित्याचा असतो. आईचे रक्त तो परका वाटा ओळखून ठेवते व कित्येकदा वर्षानुवर्षे विसरत नाही. रोज पेन आणि यान व्हान रूड यांनी १९५८ मध्ये हे दाखवून दिले. त्यानंतर दीर्घकाळ जगभरच्या प्रयोगशाळा ऊतींचे प्रकार ठरविण्यास लेकुरवाळ्या स्त्रियांचेच सीरम वापरीत. याचा एक परिणाम असा, की तीन-चार मुलांच्या आईला नवऱ्याचे मूत्रपिंड पुष्कळदा चालत नाही. आपल्या देशात नवऱ्याला मूत्रपिंड देणाऱ्या बायका पुष्कळ आणि बायकोला देणारे नवरे थोडे. त्या थोड्यांतल्याही काहींची वाट निसर्ग अशी अडवितो.

हे सारे ऐकून घेणे सोपे होते. एके रात्री जेवताना तिने जे विचारले ते सोपे नव्हते. “मामा, तुम्ही इतकी वर्षे सरकारी कागद पाहिलेत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हाती लागले, तर ते कोणाचे?”

“उदाहरण दे,” आम्ही म्हटले.

तिने दिलेले उदाहरण शिकवणीतले होते. तसे प्रत्यक्ष कधी घडले काय, हे आम्ही विचारले नाही आणि विचारले असते तरी तिने सांगितले नसते. मुलाला मूत्रपिंड हवे आहे. बाप देण्यास तयार आहे, नव्हे, उतावीळ आहे. दोघांचे रक्त तपासावयास येते. ज्या खुणांवरून देह आपले आणि परके ओळखतो त्यांचा संच सहाव्या गुणसूत्रावर असतो. अपत्याला एक संच आईकडून व एक बापाकडून मिळतो. भावाभावांत सर्व प्रकार संभवतात. चारांत एका वेळी दोन्ही संच जुळतात, तर चारांत एका वेळी एकही जुळत नाही, आणि तरीही ते सख्खे भाऊच असतात. बाप आणि मुलगा यांच्यात मात्र अर्धे जुळलेच पाहिजे. येथे जुळत नाही. पेशी मात्र जगल्या आहेत, मूत्रपिंड चालेल. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच कागदावर त्याच्या शेजारी उभे आहे.

भाचीला पहिला धडा मिळाला तो असा, की अशा वेळी बाईवर संशय घेण्याआधी नळीवरच्या चिठ्ठीवर संशय घ्यावा. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. वाचनात चूक असेल. नवे रक्त मागवून, दुसऱ्या हाताने, पहिला निकाल न पाहता परीक्षा पुन्हा करावी. आम्हांस हा धडा फार आवडला. सर्व कचेऱ्यांच्या भिंतींवर तो लावावा असा आहे.

निसर्गही कधी कधी चिठ्ठ्यांची अदलाबदल करतो. त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आपल्या मुंबईचा आहे. १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया प्रभृतींनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची वार्ता दिली, तोच पुढे ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून जगास ठाऊक झाला. या गटाचा मनुष्य नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाचा दिसतो, परंतु त्याच्या ठायी ‘ए’ किंवा ‘बी’चे बीज दडलेले असू शकते व ते अपत्यात प्रकट होते. ‘ओ’ दिसणाऱ्या बापाच्या पोटी ‘एबी’ मूल! त्याआधी अशा घरातील रक्त तपासून एखाद्या प्रयोगशाळेने नियमावर बोट ठेवले असते, तर नियम खरा ठरला असता आणि निष्पाप बाई खोटी. ज्ञान जेथवर पोचले आहे तेथवरच ते निवाडा देऊ शकते, ही गोष्ट शिकविण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

परंतु समजा, नळी बरोबर आहे, वाचन बरोबर आहे आणि अपवाद कोणताही नाही. मग?

कायद्याकडे पाहावे तर तो दोन तोंडांनी बोलतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ आमच्या पिढीतील अधिकाऱ्यांस पाठ असे. विवाह कायम असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच. उभयतांचा सहवासच शक्य नव्हता असे सिद्ध झाले तरच वेगळे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तो जुना कायदा गेला, परंतु हे तत्त्व कलम ११६ होऊन राहिले. म्हणजे बाप कोण हे कायद्याने रक्ताला न विचारता घराला विचारले. उलट १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, जो आरंभी ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत आपला महाराष्ट्र व गोवा होते, तो नात्याची कसून चौकशी करतो. कारण परका दाता म्हटला की पैशाचा व्यवहार असण्याचे भय. २०१४ च्या नियमांप्रमाणे जवळचे नाते सांगितले तर ऊतीजुळणीचे निकाल आणि नात्याचे कागद दोन्ही पाहावयाचे, आणि तरीही खात्री न पटल्यास अधिक चाचणीस वाव आहे. तेव्हा ‘आम्हांस काय करावयाचे आहे?’ असे म्हणून प्रयोगशाळेस नामानिराळे राहता येत नाही. भाचीपुरते पाहिले तर तिने वरिष्ठांस सांगावे, वरिष्ठांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांस सांगावे. प्रकरण वर पाठविले! आम्ही हसलो, पण ते हसू फार काळ टिकले नाही.

कारण आम्हांस आमचे एक प्रकरण आठवले. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही परप्रांतात एका जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. मराठी घरे दहा-बारा. गणपतीत सारी एकत्र येत. एका सहकाऱ्याची औषधोपचाराची बिले मंजुरीस आमच्याकडे आली. पत्नीवर मनोरुग्णालयात उपचार झाले होते. बिल बिनचूक होते. आम्ही सही केली. काही महिन्यांनी दुसऱ्या एका घरचे गृहस्थ आमच्याकडे आले. त्या सहकाऱ्याच्या मुलीचे स्थळ त्यांच्या मुलासाठी सांगून आले होते. “घर कसे काय?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, “मुलगी गुणी आहे. बाकी, जरा चौकशी करा.”

त्यांनी चौकशी केली नाही. तिची गरजच उरली नव्हती. सोयरीक मोडली. सहकारी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे फाइल घेऊन आला, नेहमीप्रमाणे टेबलावर ठेवून गेला, आणि त्या वर्षअखेरीस बदली मागून निघून गेला. त्याला कळले होते की नाही, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही. आम्ही कोणताही लेखी नियम मोडला नव्हता. असत्य बोललो नव्हतो. लग्नासारख्या गोष्टीत पलीकडच्यांना सत्य कळावयास नको काय, असे आम्ही स्वतःस अनेक वर्षे विचारीत आलो आणि दर वेळी ‘हवे’ असे उत्तर देत आलो.

ते उत्तर त्या रात्री प्रथमच अपुरे वाटले. पलीकडच्यांचा हक्क असेलही. पण तो हक्क मुलीच्या बापाकडे मागावयाचा होता. आमच्याकडे जे होते ते बिलासाठी दिलेले होते. दुसऱ्या कामासाठी विश्वासाने आलेली वस्तू आम्ही परस्पर तिसऱ्यास दिली. ती वस्तू सत्य होती, यामुळे देण्याची जात बदलत नाही. हाच न्याय लावून आम्ही भाचीस म्हटले, “त्या बापाला सत्य कळण्याचा हक्क असेल तर तो बायकोकडे मागण्याचा आहे. प्रयोगशाळेने विचारलेले सांगावे व गप्प राहावे.”

“पण मामा,” ती म्हणाली, “तुमच्या त्या गृहस्थांच्या मुलाचे कोणी मूत्रपिंड काढून घेत नव्हते.”

यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मुलीचे म्हणणे खरे होते. आम्ही त्या प्रकरणात केवळ वाटेवरचे होतो. प्रयोगशाळा वाटेवरची नाही. त्या माणसास टेबलावर निजविणाऱ्या हातांत तिचाही हात आहे. तो जी संमती देतो ती अमुक एक गोष्ट खरी मानून देतो, आणि ती तशी नाही हे आपणांस ठाऊक असता त्याची संमती आपण घेतो. दुसरीकडे, तो कशाला संमती देतो आहे? खांद्यावर बसवून ज्याला जत्रा दाखविली, ज्याच्या तापात रात्री जागविल्या, त्या पोराला वाचविण्यास. त्यात सहाव्या गुणसूत्राचा प्रश्न कोठे येतो? आम्ही असेही पाहिले आहे की अशा वेळी माणसे स्वतःसच ओळखत नाहीत. कळल्यावर तो देईल की नाही, हे त्याचे त्यालाही आधी सांगता येणार नाही.

तिच्या वरिष्ठांची रीत अशी, की हा प्रश्न रक्त काढण्यापूर्वी सोडवावयाचा. प्रत्येक दात्यास, एकट्यास, त्याच्या भाषेत आणि सर्वांस एकाच शब्दांत सांगावयाचे, की या चाचणीत नात्याविषयीही काही कळू शकते. ते तुम्हांस कळावयास हवे की नको? सर्वांस विचारल्याने संशय कोणावरच येत नाही. आम्हांस ही रीत योग्य वाटते. ‘नको’ म्हणणाऱ्यास सांगू नये, ‘हवे’ म्हणणाऱ्यापासून लपवू नये, हे आमचे मत. परंतु आमचे मन येथे स्वस्थ होत नाही. ती आई? तिलाही आत बोलावून हेच शब्द सांगितले जातात. तिने चाचणी नको म्हणावे तर मुलाचे मूत्रपिंड जाते. हो म्हणावे तर घर पणाला लागते. बाहेरच्या बाकावर नवरा आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला असतो आणि आत एका कागदावर तिने सही करावयाची असते. आम्ही हे भाचीस बोलून दाखविले. ती म्हणाली, “सही घेताना आम्ही घाई करीत नाही. तेवढेच आमच्या हाती.”

परवा मध्यरात्रीनंतर तिचा फोन वाजला. कोठेतरी कोणाचा तरी मेंदू मृत झाला होता, घरच्यांनी संमती दिली होती, आणि पहाटेपूर्वी पेशी तपासून हव्या होत्या. तिची मामी उठली, तिने थर्मासमध्ये कॉफी भरून दिली. भाचीने केस बांधले, चपला शोधल्या. कोणते रुग्णालय, कोण माणूस, वय काय, हे विचारण्यास आमची जीभ सवयीने उचलली होती. आम्ही खाली फाटकापर्यंत गेलो आणि गाडीचा क्रमांक तेवढा नीट पाहून घेतला.