सुपातला तांदूळ, भिंतीवरचा तांदूळ

दुसऱ्याला बळ देणाऱ्या विद्येचा कस कशावर लावायचा? मंत्र म्हणणाऱ्याचं सामर्थ्य किती यावर, की तो उठून गेल्यावर समोरच्याच्या पदरात काय उरलं यावर? शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांत अशा दोन विद्या शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. भगत सुपात तांदूळ टाकतो, दाणे मोजतो, कुणाची बाधा, कोणता देव कोपला ते सांगतो. वेळ पडली तर अंगात वारं येतं आणि मग बोलतो तो देव. वारल्यांच्या लग्नात त्याच तांदळाच्या पिठाने सुवासिनी गेरूच्या भिंतीवर चौक लिहितात, चौकात पालघट देवी बसते आणि धवलेरी, म्हणजे लग्नाची पुरोहितीण, गाण्यांतून लग्न लावते. भटजी लागत नाही.

भगताचं बळ भगताच्या देहाला बांधलेलं. वारं उतरलं की देव गेला. पुढच्या दुखण्याला पुन्हा त्याचंच दार. झाडपाल्याचीही तीच गत. औषधाचं नाव फोडलं की गुण जातो अशी समजूत, त्यामुळे मुळी उगाळून मिळते, पण ती ओळखायला घेणारा शिकत नाही. धवलेरीचा कारभार उघड्यावरचा. ती घरी गेली तरी लग्न लागलेलंच राहतं. हाच भेद 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या 1974 पासूनच्या फाशांच्या खेळातही सापडतो, याची मला गंमत वाटते. त्याच्या 2014 च्या नियमांत पुरोहिताचा आशीर्वाद तिघा गड्यांना चौबाजू फाशाची भर देतो, पण पुरोहिताचं ध्यान मोडलं की तिथेच संपतो. मांत्रिकाने दिलेला वेग ओसरला की तो गडी एक पाळी हातपाय गाळून उभा. गाणारा भाट मात्र फासाच समोरच्याच्या हाती देतो. दहा मिनिटांत तो कधी वापरायचा हे घेणाऱ्याने ठरवायचं.

यावर कुणी म्हणेल, लग्न आणि संकट एका तागडीत कसं घालता? साप चावलेल्याला गाणं काय कामाचं? आक्षेप रास्त आहे. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषापुढे मंत्रही तितकाच थिटा. उतारा एकच, प्रतिविषाचं इंजेक्शन. बिनविषारी साप चावला, किंवा विषारी सापाने विष न सोडता दात लावले, तर माणूस आपसूक बरा होतो आणि यश भगताच्या नावावर चढतं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरवलं. धीर देण्याला तिथे बंदी नाही. गाडी येईपर्यंत भगत हात धरून बसला तर माझी काहीच तक्रार नाही. गाडी परत पाठवली तर आहे.

दुसरा आक्षेप बारीक आहे: धवलेरीच्या गाण्यात स्वतःचं बळ कुठलं, पाडा मानतो म्हणून लग्न लागतं. खरंच आहे, आणि भगताचंही तेच. पाड्याचाच विश्वास तो देवाच्या नावाने आपल्याकडे ठेवून घेतो. धवलेरी तो ज्यांचा त्यांना परत करते. तिने ओळ उचलली की बाजूच्या बायका ती झेलतात, मागे बसलेल्या पोरी ऐकता ऐकता पाठ करतात. सुपातले दाणे मात्र मोजायचे ते भगतानेच.