सीट नेमकी कुणाची?

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक पेशंट आला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने पेशंटला दुसरीकडे हलवायला सांगितलं, तेव्हा नातेवाइकांनी त्यालाच मारलं. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. चर्चा झाली ती मुख्यतः सुरक्षेची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण एक साधा प्रश्न मागे राहिला. तिथे न्यूरोसर्जन का नव्हता?

या प्रश्नाचं थोडं उत्तर पीजीच्या प्रवेशप्रक्रियेत सापडतं. एमबीबीएस झालेला डॉक्टर नीट-पीजी देतो, रँक येते, चॉइस फिलिंग होतं, मग कुठल्या तरी राउंडला सीट लागते. कोण कशाचा तज्ज्ञ होणार आणि शिकताना कुठल्या वॉर्डात राबणार, हे तिथे ठरतं. म्हणूनच या प्रक्रियेची जवळपास प्रत्येक पायरी कधी ना कधी कोर्टाची पायरी चढलेली आहे.

२०१९ मध्ये नागपूर खंडपीठाने सांगितलं, की प्रवेशप्रक्रिया कायद्याआधीच सुरू झाल्यामुळे मराठा आरक्षण त्या वर्षीच्या पीजी प्रवेशांना लागू होणार नाही. सरकारने त्यावर अध्यादेश काढला. २०२१ ची नीट-पीजी सप्टेंबरमध्ये झाली, पण अखिल भारतीय कोट्यातल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल आरक्षणाच्या वादात काउन्सेलिंग पुढच्या जानेवारीपर्यंत अडकलं. तोवर वॉर्डात पहिल्या वर्षाची बॅचच नव्हती. तिचं काम आधीच थकलेल्या डॉक्टरांनी ओढलं.

या खटल्यांमध्ये एका बाजूला विद्यार्थी असतात, दुसऱ्या बाजूला सरकार किंवा दुसरे विद्यार्थी. पेशंट कुठल्याच बाजूला नसतो. यात कोर्टाचा दोष नाही, याचिका ज्याच्या हक्काची तोच तिथे बोलणार. पण त्यामुळे आपल्यालाही सवय लागली आहे, सीट म्हणजे बक्षीस समजायची. मग भांडण एवढंच उरतं, की बक्षीस कुणाला?

एक उत्तर सोपं आहे: ज्याचे मार्क जास्त त्याला. पण जानेवारी २०२२ मध्ये ओबीसी आरक्षण कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजे सगळी गुणवत्ता नव्हे, त्या गुणांमागे घर, शाळा, पैसा असं बरंच काही उभं असतं.

दुसरं उत्तर खानदेशात जास्त आवडतं: आमच्या कॉलेजची सीट आमच्या पोरांना. त्यामागचं दुःख खरं आहे. जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू व्हायला २०१८ उजाडलं. पण पीजीपुरता हा रस्ता कोर्टाने बंद केला आहे. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने पीजीला रहिवासाचा निकष नको म्हटलं होतं. २९ जानेवारी २०२५ ला तन्वी बहल खटल्यात तीन न्यायाधीशांनी तेच ठामपणे सांगितलं: पीजीच्या जागांसाठी रहिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य आहे. एमबीबीएसला काही प्रमाणात ते चालतं, तज्ज्ञ निवडताना नाही.

हा निकाल आपल्यावर अन्याय करतो का? मला तसं वाटत नाही. जन्मगाव म्हणजे वचन नव्हे. चोपड्याचा मुलगा तज्ज्ञ होऊन पुण्यात दवाखाना टाकतो, आणि आपण त्याचं कौतुकच करतो. उद्या केरळची मुलगी धुळ्यात शिकून शिरपूरला राहिली, तर सातपुड्यातल्या बाळंतिणीला ती कुठली हा प्रश्न पडणार नाही. आपण ‘तू कुठून आलास’ विचारतोय. विचारायला हवं, ‘तू कुठे थांबशील?’

हे विचारायचा एक मार्ग म्हणजे बाँड. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या सेवेचे बाँड वैध ठरवले. जनतेच्या पैशावर शिकलेल्याने काही काळ जनतेला द्यावा, हे पटण्यासारखं आहे. पण महाराष्ट्रात अनेक वर्षं बाँड मोडायची रक्कम ठरलेली होती: एमबीबीएसला दहा लाख, पीजीला पन्नास लाख. रक्कम ठरली की कर्तव्याला भाव येतो. ज्याच्या वडिलांचं हॉस्पिटल आहे तो ती भरून मोकळा होतो, कापूस विकून फी भरणाऱ्याची मुलगी सेवा करते. मग सेवा ही फक्त गरिबाला होणारी शिक्षा ठरते.

आणि देणं एकाच बाजूचं नसतं. अमेरिकेत डॉक्टरांच्या जागा संगणक दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमावरून जुळवतो. २००२ मध्ये तिथल्या काही डॉक्टरांनी खटला भरला, की या पद्धतीने आमचे पगार दाबले जातात. २००४ मध्ये अमेरिकन संसदेने या पद्धतीला संरक्षण देणारा कायदा केला आणि खटला संपला. प्रश्न मात्र उरला: निवासी डॉक्टर विद्यार्थी की कामगार? आपल्याकडे तो दोन्ही आहे, आणि सोय असेल तसं त्याला एक किंवा दुसरं म्हटलं जातं. ज्याच्याकडून सेवा मागायची, त्याला राहायला धड खोली, वेळेवर स्टायपेंड आणि मार न खाता काम करण्याची हमी द्यायला नको?

माझ्या मते सीट बक्षीसही नाही आणि वडिलोपार्जित शेतही नाही. ती ठेव आहे, पेशंटची. २०२० मध्ये घटनापीठाने सरकारी सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखायची मुभा राज्यांना दिली. मला ती वाट सर्वांत प्रामाणिक वाटते. तिथे जात्याच मिळालेला पत्ता विचारत नाहीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात घालवलेली वर्षं विचारतात. यात जास्त रँकवाल्या कुणाची तरी सीट जाते, हे खरं. त्याचं दुःख खोटं नाही. पण बक्षीस हुकणं आणि ठेव दुसऱ्याच्या हाती जाणं, यात फरक आहे.

अलॉटमेंटची यादी मोबाईलवर उघडते तेव्हा प्रत्येक जण आधी आपलं नाव शोधतो. ते साहजिक आहे. त्यानंतर जरा कॉलेजच्या नावाकडेही बघावं. त्या कॉलेजच्या ओपीडीबाहेर कुणीतरी केसपेपर घेऊन बसलेलं असतं, आणि त्या यादीत त्याचं नाव कुठेच नसतं.