पुरुषाचा दमसास

माळव्यातली धार आणि देवास ही पवारांची राज्यं, घोडदळाच्या जोरावर उभी राहिलेली. अशा मुलखात मर्दानगी कुणाला वेगळी शिकवावी लागत नाही: मनगटात जोर हवा, शब्द राखावा, डोळ्यांना पाणी येऊ देऊ नये. पण धारच्या पडत्या काळात राज्य तगवलं ते एका विधवेने. १८०७ मध्ये राजे आनंदराव पवार वारले. त्यांच्या पत्नी मैनाबाईंनी शिंदे-होळकरांच्या लुटालुटीतून गादी राखली आणि १८१९ मध्ये इंग्रजांशी तह झाला. अशा बाईला आपण ‘पुरुषासारखी खमकी’ म्हणतो, म्हणजे तिचा गुणही पुरुषांच्याच खात्यात जमा करतो.

देवासला हिशेब उलटा झाला. १९४८ मध्ये क्षयाने खंगलेले गायक कुमार गंधर्व हवापालटासाठी तिथे आले. विशी-पंचविशीतलं वय, लग्न नुकतंच झालेलं. गवय्याची सारी ऐट ज्यावर, तो दमसासच गेला. गाणं बंद, कमाई बंद. घर पत्नी भानुमतीबाईंच्या नोकरीवर चाललं आणि शुश्रूषाही त्यांनीच केली. कर्त्या पुरुषाची म्हणून जी लक्षणं सांगतात, त्यांतलं एकही उरलं नाही.

उरलं ते ऐकणं. माळव्यातल्या बायका लग्नकार्यात, पावसापाण्यात मोजक्या सुरांची गाणी म्हणत. मैफलीत त्यांना कोण विचारतो? कुमारांनी ती टिपून घेतली, त्यांत रागांची बीजं ओळखली आणि त्यांतून धुनउगम राग घडवले. स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला, पण एक फुप्फुस निकामी झालं होतं. पुन्हा गाऊ लागले तेव्हा लांब पल्ल्याच्या दमाऐवजी छोटी, टोकदार फेक आली आणि मधल्या थांब्यालाही अर्थ आला. उणीव झाकायची धडपड न करता त्यांनी तिचीच गायकी केली.

यावरून हळव्या पुरुषाचा नवा साचा पाडायची घाई नको. परंपरेला प्रश्न विचारताना कुमारांनी कुणाची भीड ठेवली नाही. कणखरपणा त्यांच्यात भरपूर होता. शिवाय भानुमतीबाई स्वतः गाणं शिकलेल्या होत्या. १९६१ मध्ये त्या बाळंतपणात गेल्या. नवऱ्याच्या पुनर्जन्माची कथा आपण रंगवून सांगतो. भानुमतीबाईंच्या गाण्याचं काय झालं, हे मात्र क्वचित विचारतो.

पुरुषाला दुबळं होण्याची मुभा हवी, हे खरंच. पण ती दर वेळी बायकोच्या जिवावरच मिळणार असेल, तर जुनीच सत्ता आजारपणाचं पांघरूण घेऊन बसते. पुरुषाच्या गुणांची यादी करायचीच असेल, तर पहिलं कलम हे असावं: आपण कुणाच्या आधारावर उभे आहोत ते चारचौघांत सांगावं आणि पाळी आली की उशाशी जागायला आपण बसावं.