बरणीतली सोंड आणि अवयवीचा प्रश्न

हत्तीची सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ मिळून झालेला एकच अवयव. तिच्यात हाड नाही. वडोद्याच्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात नुसत्या हाडांवरून देवमासा डोळ्यांपुढे उभा राहतो. हत्तीच्या सांगाड्यात मात्र सोंडेची ठळक खूण म्हणजे कवटीवरचे नाकाचे मोठे भोक, एवढीच. सोंड जपायचा एक मार्ग म्हणजे ती मांसासकट बरणीत फॉर्मॅलिनमध्ये ठेवणे.

अशी सोंड आडवी कापली की शेजारी शेजारी दोन नळ्या दिसतात, मध्ये पडदा. या नाकपुड्या थेट टोकापर्यंत जातात. भोवती स्नायूंचे हजारो जुडगे: काही लांबीच्या दिशेने, काही चाकाच्या आऱ्यांसारखे, काही तिरके. आखडले तरी स्नायूंचे घनफळ तेवढेच राहते. म्हणून आऱ्यांसारखे स्नायू आखडले की सोंड बारीक होऊन लांबते. एका बाजूचे लांब स्नायू आखडले की तिकडे वळते. आशियाई हत्तीच्या सोंडेला टोकाशी बोटासारखा एक उंचवटा असतो. जिवंतपणी गवताची काडी उचलणारे हे बोट बरणीत ताठरून गेलेले असते.

मग बरणीत आहे ती सोंडच का? संस्कृतात सोंडेला ‘हस्त’ म्हणतात आणि त्यावरूनच प्राण्याला ‘हस्ती’: अवयवाने अवयवीला, म्हणजे अवयवांनी बनलेल्या सबंध वस्तूला, नाव दिले. न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, म्हणजे नैयायिकांच्या, मते अवयवी हा अवयवांहून वेगळा, खरा पदार्थ आहे. एक टोक धरून ओढले की सगळी वस्तू येते, हा त्यांचा एक पुरावा. बौद्धांना तो मान्य नाही; त्यांच्या लेखी वस्तू म्हणजे अवयवांची नुसती जुळणी. बौद्ध तत्त्वज्ञ शांतरक्षिताचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या ‘पंजिका’ या टीकेसह वडोद्याच्याच गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये 1926 साली छापला गेला. त्यातला आक्षेप मोठा नेमका आहे: स्थूल वस्तू खरोखर एकच असेल, तर माशीच्या पायाएवढा भाग झाकताच ती सारी झाकली जायला हवी.

नैयायिकांच्या हिशेबाने भाग तुटला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा, लहान अवयवी उपजतो. म्हणजे बरणीतली सोंड हीसुद्धा एक पुरी वस्तूच. पण इथेच त्यांचे उत्तर अपुरे पडते. नमुन्यात स्नायू जागच्या जागी आहेत, तरी वास घेणे नाही, पाणी ओढणे नाही. बौद्धांची नुसती जुळणीही हा फरक सांगू शकत नाही. प्रेताचा हात नावापुरताच हात, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे इथे अधिक पटते. अवयवपण कामात आहे. सोंडेच्या मुळाशी कापलेल्या जाड मज्जातंतूंची टोके दिसतात. स्पर्श मेंदूकडे नेणारे आणि हालचालीचा हुकूम आणणारे तंतू तिथेच तुटलेले असतात.